डॅडींसाठी एक सेंटिमीटर

"ताई, थोडं प्लॅस्टिकच तर कापायचंय. टाका ना कापून!"

मार्टिन माझ्या तुळिंजच्या टायरच्या दुकानात उभा होता. भुईगावचा वाडीवाला, दाराशी नवी कोरी एसयूव्ही आणि मोबाईलवर भल्यामोठ्या टायरचा फोटो. तो टायर बसवायचा तर चाकाच्या वरचं आतलं अस्तर, म्हणजे लायनर, कापावं लागणार होतं. नवी गाडी कापायची म्हटलं की माझं डोकं फिरतं. वॉरंटीवर पाणी सोडायचं आणि वर शिव्या मीच खायच्या.

"काम काय आहे ते सांग. टायर मी ठरवते."

त्याच्या डॅडींचं कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. शनिवारी डिस्चार्ज. धक्का अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण घरच्या गल्लीत ओहोळावर नवा काँक्रीटचा पूल झालाय, तो मधेच उंच. गाडी भरलेली असली की तिचं पोट त्यावर धाडकन आपटतं. गल्लीच्या तोंडाशी उतरवून खुर्चीतून उचलून नेऊ म्हटलं, तर डॅडी भडकले. "जिवंतपणी चौघांच्या खांद्यावरून घरी जायचा नाय मी!"

म्हणून मार्टिनला चुलतभाऊ ऑल्विनच्या गाडीसारखे मोठे टायर हवे होते.

"ऑल्विनची गाडी घरापर्यंत जाते?"

मार्टिन जरा घुटमळला. "गल्लीच्या तोंडाशी क्रुसापाशी ठेवतो. आत वळत नाय."

वळणार कशी? पूल संपला की म्हणे लगेच फाटक, दोन्हीकडे दगडी कुंपण. तिथे स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळावं लागतं, आणि जादा मोठा टायर नेमका तेव्हाच लायनरला घासतो.

मी गाडीचं पुस्तक काढलं. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला, याच रिमवर, कंपनी साठऐवजी पासष्टचा टायर देते. हा आकडा जितका मोठा, तितकी टायरची बाजूची भिंत उंच. रुंदी तीच, वजन पेलायची ताकद कमी नाही, कापाकापी तर नाहीच. टायर दोन सेंटिमीटरनी मोठा होतो. गाडी मात्र एकच सेंटिमीटर उचलली जाते, कारण वाढीतला निम्मा वाटा चाकाच्या वरच्या अंगाला जातो.

"एकच सेंटिमीटर? त्याने काय होतंय!"

"चल, तुझ्या पुलालाच विचारू."

भुईगावला पोचल्यावर मार्टिनची बायको शर्ली आणि त्याच्या दोन आत्या मागे बसल्या. डिकीत नारळाची पोती टाकली. पहिल्या फेरीला पूल लागलाच. आत्याबाई ओरडल्या, "अरे, आता आमचीपन कंबर मोडतो काय?" मग मी चाकांच्या वाटेवर सेंटिमीटरभर जाड प्लायच्या पट्ट्या अंथरल्या. गाडी गेली. आवाज नाही. पुन्हा नेली. नाहीच.

उरलं वळण. "शर्ली, भाकरीचं पीठ मळलंयस?"

तिने उकड काढलेली होतीच. त्या उकडीचे दोन बोटं जाड गोळे मी लायनरला आतून चिकटवले आणि तशाच भरल्या गाडीत मार्टिनला स्टिअरिंग पूर्ण पिळून वळायला लावलं. गोळ्यांवर टायरची पुसटशी नक्षी उमटली, बस्स. म्हणजे दोन बोटांची जागा होती आणि आपल्याला लागणार होती सेंटिमीटरभर. मी रस्त्यातच टाळी वाजवली.

"ते पीठ आता परातीत टाकू नका हां!" शर्ली म्हणाली.

शुक्रवारी पासष्टचे टायर चढवले, अलाइनमेंट केली. स्पीडोमीटर आता किंचित कमी दाखवेल, तेही मार्टिनला सांगितलं.

शनिवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, पण राहवेना. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन मार्टिनच्या गाडीत मागच्या सीटवर, शर्ली आणि एका आत्याच्या शेजारी बसले. पुढे डॅडी, दाराचं हँडल गच्च धरून, डोळे मिटून.

"पूल आला की सांग रे. मी दात आवळतो."

मार्टिन एका दमात फाटकातून आत वळला आणि इंजिन बंद केलं.

"डॅडी, पूल गेला."

डॅडींनी डोळे उघडले. समोर घराची पायरी. ते पायरीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग मला आठवडाभर घाबरवलं कशाला?"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

गिऱ्हाईक दुकानात येतं आणि विचारतं, केवढा बसेल? विचारायला हवं, केवढा पुरेल?