एकट्याची वार्षिक सभा

एकट्याने सभा भरवावी, दोन मिनिटं उशीर झाला म्हणून स्वतःलाच समज द्यावी आणि ती समज इतिवृत्तात नोंदवावी, असा माणूस अख्ख्या पुण्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या इमारतीत राहत होता. आमच्या खो-खो क्लबचे ते चिटणीस. खडकीला एका कारखान्याच्या नियोजन विभागात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर नियोजन करायला उरलं ते घर आणि क्लब. घरात काकूंनी दाद दिली नाही. भाजीचा तिमाही आराखडा काढणाऱ्या या माणसाच्या हातात त्यांनी पिशवी आणि यादी देऊन विषय संपवला होता. मग क्लबच्या वाट्याला पंचवार्षिक योजना आली.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ती लिहिलेली होती. पहिल्या वर्षी दोन्ही खांब नवे, दुसऱ्या वर्षी मुलींचा संघ, तिसऱ्या वर्षी जिल्हा स्पर्धा. अंतिम सामना हरलो तर खेळाडूंची समजूत कुणी घालायची, हेही ठरलेलं. खेळाडू तेवढे नव्हते. जुने गुडघे धरून बसलेले, त्यांची मुलं खराडीला कंपन्यांत. मी एकदा विचारलं, "अहो, पण खेळणार कोण?"

"तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे," ते शांतपणे म्हणाले. "आपण अजून नियोजनात आहोत."

हसण्यासारखं होतं, पण मैदान एका ट्रस्टचं होतं. दरवर्षी सभा होऊन सूचक आणि अनुमोदक अशा दोघांच्या सह्यांचं इतिवृत्त पोचलं तरच ते क्लबकडे राहणार, नाहीतर तिथे पार्किंग. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला ते मैदानावर सतरंजी अंथरून बसत. कोरम कधीच होत नसे. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच सतरंजीवर, आता कोरमची गरज नाही म्हणून, पुन्हा सुरू करायची. ठराव ते स्वतःच मांडत, पण स्वतःच्या ठरावाला स्वतः अनुमोदन देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सोमवारी सकाळी वही घेऊन ते माझ्याकडे येत, आणि मी चहा पिता पिता सही ठोकत असे. मैदान माझ्या गॅलरीतून दिसतं. रविवारी ते एकटे बसलेले दिसले की मी आत जायचो. आज त्याची लाज वाटते.

"काल याल असं वाटलं होतं," एकदाच म्हणाले. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. "असू दे. आपली योजना लांब पल्ल्याची आहे."

जानेवारीत ते गेले. काकूंनी वही आणि कॅलेंडरं आणून दिली. "तुमच्याकडेच द्या म्हणाले होते," एवढंच बोलल्या.

परवाच्या रविवारी पाचला मी सतरंजी घेऊन गेलो. कुणी आलं नाही. सभा तहकूब केली आणि अर्धा तास काढायचा म्हणून योजना वाचत बसलो. खांब जुनेच होते, संघ निघालाच नव्हता. पाचव्या, म्हणजे यंदाच्या वर्षाच्या पानावर एकच ओळ होती: "वार्षिक सभेस अनुमोदक प्रत्यक्ष हजर."

साडेपाचला सभा सुरू केली, मैदान क्लबकडेच ठेवण्याचा ठराव मोठ्याने वाचला आणि सूचकाच्या जागी सही केली. खालची, इतकी वर्षं माझी असलेली रेघ रिकामी राहिली. सोमवारी सकाळी वही घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे त्यांनी कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.