खोलीत सात जण आणि एक फोन

माझी शेजारीण कैरोची. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉन्ड्रीत आमची मैत्री जमली, आणि तिथेच तिने हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर आलेला स्वतःचा रिपोर्ट मला वाचायला दिला. स्तनाचा कॅन्सर, सुरुवातीचा. मी हादरले. ती टॉवेलच्या घड्या घालत म्हणाली, मला हे माहीत आहे असं घरी कळू देऊ नकोस.

कारण घरचे तेच तिच्यापासून लपवत होते. फॉर्मवर नंबर नवऱ्याचा, त्यामुळे डॉक्टरांचा फोन त्याला आलेला. तिला सांगितलं काय, तर साधी गाठ आहे, काढायची. त्यांच्या घरात या आजाराचं नावच घेत नाहीत, नुसतं ‘ते’ म्हणतात. नवरा, दोन मुलगे, सून, मुलगी मिळून खल करायचे आणि शेवटचा शब्द कैरोतल्या तिच्या थोरल्या भावाचा. तो म्हणे, पूर्ण स्तनच काढून टाका, कटकट नको. सर्जन डॉक्टरीणबाईंच्या मते दोन्ही चाललं असतं. शेजारणीला फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन घ्यायचं होतं, पण ते बोलायचं कोणाशी?

माझं डोकं फिरलं. आम्हीही काही कमी नाही म्हणा. माझ्या मावशीला आम्ही शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगत होतो. पण दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला कसं स्वच्छ दिसतं!

सर्जनकडे जायच्या दिवशी तिने मला ‘बहीण’ म्हणून आत नेलं. छोटीशी खोली, आम्ही सात जण आणि मुलाच्या हातातल्या फोनवर भाऊ. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पेशंटच्या हक्कांवर दोन खणखणीत इंग्रजी वाक्यं पाठ केली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, निर्णय कोण घेणार? सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच शेजारणीने माझा हात दाबला आणि स्वतः अरबीत बोलू लागली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मग अडखळत तिने आम्हाला इंग्रजीत सांगितलं, “आई म्हणते, मला कॅन्सर आहे. रिपोर्ट मी केव्हाच वाचलाय. फक्त गाठ काढायची, हे मी ठरवलंय. पण रेडिएशनला महिनाभर रोज यावं लागेल. कोण आणणार, घरी स्वयंपाक कोण करणार, ते तुम्ही ठरवा.”

मग जो गलका झाला! सोमवार माझा, मंगळवार माझा. दोघे मुलगे बुधवारवरून हमरीतुमरीवर आले. नवरा डोळे पुसत पार्किंगच्या पावतीमागे वार लिहून घेत होता. या सगळ्यांना बाहेर काढायला आलेली मी, हात वर करून म्हणाले, गुरुवार माझा.

मग फोनवरून भाऊ काहीतरी पुटपुटला. पहिल्या विमानाने निघतो, ऑपरेशनच्या आत पोचतो, असं म्हणत होता तो, मुलीने सांगितलं. शेजारणीने फोन हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात उत्तर दिलं. ते सांगताना मुलगी हसतही होती आणि रडतही होती.

“म्हणते, झाल्यावर ये. आधी आलास तर तू रडशील, आणि मग मी तुझंच ऐकेन.”