पंचाने न केलेली सही

ही केस आठवली की अजूनही आधी चीडच येते. चोराची नव्हे, पंचाची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडीत फौजदार होतो. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या एका कारखान्यातून, गोदामातल्या सुताच्या सात गोण्या गेल्याची फिर्याद आली. दुसऱ्याच दिवशी मालकाच्या मेहुण्याने खबर आणली की माल हमालाच्या झोपडीत आहे. हमाल अंबाडीकडच्या पाड्यावरचा आदिवासी, कारखान्यामागेच राहायचा. आम्ही गेलो, खाटेखाली कोनांचं, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूंचं, एक पोतं मिळालं, त्याला उचलून आणलं. "म्या न्हाय घेतलं, साहेब. मला ठावं न्हाय," एवढंच तो बोलत राहिला. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी ते लिहूनही घेतलं नाही.

घाईत पंच न्यायचे राहिले होते. तेव्हा ही मोठी अडचण नसायची. पंचनामा ठाण्यात बसून लिहायचा आणि समोरच्या चहावाल्याची सही घ्यायची. पण मागच्याच खटल्यात कोर्टाने विचारलं होतं, भिवंडीत जिथे चोरी होते तिथे हा चहावाला हजर कसा असतो? म्हणजे या वेळी निदान एक पंच तरी वजनदार हवा होता.

मला त्याच कारखान्यातला फिटर आठवला. नगरकडचा, निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. तो ख्रिस्ती, मीही ख्रिस्तीच. रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याच्या सहीवर कोर्ट शंका घेणार नाही आणि आपला माणूस आपल्याला नाही म्हणणार नाही, असा माझा हिशेब.

संध्याकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. त्याने पंचनामा दोनदा वाचला. "साहेब, मी तीन वाजता झोपडीत हजर होतो असं लिहिलंय यात. तीनला मी ड्युटीवर होतो."

"कागदाचं काम आहे, भाऊ. माल सापडलाय ना?"

"सापडला असेल. मी पाहिला नाही."

मी समजावलं, आवाज चढवला, शेवटी बायबलवर आलो. अधिकाऱ्यांचं ऐकावं असं लिहिलंय की नाही? तो म्हणाला, "लिहिलंय. खोटी साक्ष देऊ नको असंही लिहिलंय, साहेब." आता याला काय म्हणावं! सकाळी अकराला आरोपी कोर्टात उभा करायचा आणि हा मला दहा आज्ञा शिकवतोय.

फिर्यादी मालक शेजारीच बसला होता. तो सरळ म्हणाला, "साइन कर, नहीं तो कल से काम पे मत आ. कमरा भी खाली कर." खोली मालकाची, घरात बाळंतीण बायको. फिटरने कागद टेबलावर ठेवला. त्याने पाणी मागून घेतलं. मला वाटलं, आता करतोय.

"भीती वाटते, साहेब," तो म्हणाला. "पण तो माणूस माझ्या सहीनं आत जाईल. मी नाही करणार."

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि त्याच्यासमोर ओतलं. "घ्या, बघा डोळ्यांनी! मग तरी कराल?"

त्याने एक कोन उचलून फिरवून पाहिला. "हा माल गोदामातला नाही. तिथं सीलबंद गोण्या असतात, भरलेले कोन. हे मशीनवरून उतरवलेले, अर्धे उरलेले आहेत. हे वेगळ्या खोलीत कुलपात ठेवतात."

"किल्ली कुणाकडे?"

तो मालकाकडे बघत म्हणाला, "यांच्या मेहुण्याकडं."

गोण्या सात गेल्या आणि सापडलं एकच पोतं, हे मला आधीच खटकायला हवं होतं. मेहुण्याला बोलावलं. त्याला एकच प्रश्न तीनदा विचारला, खबर तुला कुणी दिली? त्याने तीन वेगळी नावं सांगितली. चौथ्यांदा विचारल्यावर रडायला लागला. सीलबंद गोण्या त्यानेच विकल्या होत्या आणि उरलेले कोन झोपडीत नेऊन टाकले होते.

सोडताना हमालाने मला शिव्या दिल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. "माझ्या वहाणा कुठं हायत?" एवढंच विचारलं. उचलून आणताना एक कुठेतरी पडली होती. एकाच पायात वहाण घालून तो गेला.

फिटरची नोकरी गेलीच. मालकाने मेहुण्याचा सगळा राग त्याच्यावर काढला. बायको आणि तान्हं मूल घेऊन तो खारबावला नातेवाइकांकडे राहायला गेला. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर मी त्याला म्हणालो, "एक सही केली असतीत तर खोली तरी राहिली असती." खरं तर मला माफी मागायची होती, आणि तोंडातून हे निघालं.

तो पहिल्यांदाच माझ्यावर वैतागला. "साहेब, तुम्ही अजून तेच म्हणताय?"

आत जाऊन मी माझ्या बाकावर बसलो. 'आम्हांस परीक्षेत आणू नको' असं देवाला विनवणारी प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. दुसऱ्याला परीक्षेत ढकलणारा मीच असेन, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी ती ओळ आली तेव्हा माझा आवाज फुटेना. पुढच्या बाकावरून त्याचा मात्र स्पष्ट ऐकू येत होता.