काट्यावरचा अंगठा

म्हसळ्याच्या बाजारात आमचं सुपारीचं दुकान आहे. नवरा वाड्या-वाड्या फिरून माल आणतो आणि दुकानात मी बसते. पण गावात आमच्या सुपारीपेक्षा आमचा काटा जास्त प्रसिद्ध. पोतं मावेल एवढा लोखंडी पाट आणि समोर लाल आकडे. गावातलं कुणीही आखातात निघालं, की विमानात चढण्याआधी त्याची बॅग आमच्या काट्यावर चढते. हल्ली हातात धरून बॅग लटकवायचे चिमुकले काटे घरोघरी आलेत, पण त्यांच्यावर कुणाचा भरवसा नाही. "वहिनींचा काटा म्हणजे काटा," असं लोक म्हणायचे आणि मीही फुशारून ऐकून घ्यायचे.

बॅग एकाची, पण ती आणायला चौघं आणि सल्ला द्यायला दहा. गिऱ्हाईक उभंय, सुपारी मोजायचीय, कुणाला काही नाही! मी ओरडायची ती ओरडायचीच, आणि चहाही सांगायची. बॅगेत निघणाऱ्याचं स्वतःचं सामान कमी आणि गावाचं जास्त. बेकरीवाल्याची नानकटाई त्याच्या पुतण्याला, शिंप्याने मापावर शिवलेले पायजमे जुन्या गिऱ्हाइकाला, मसाल्याच्या गिरणीवर कुटलेला मसाला कुणाच्या सुनेला, कोळणीकडचे सुक्या कोळंबीचे सोडे कुणाच्या जावयाला. निघणाऱ्याने पार्सल नाकारायचं नाही, हा गावचा कायदा. वजन मात्र तीस किलो, त्यावर विमानवाले ऐकत नाहीत.

आता माझं पाप सांगते.

बरीच वर्षं झाली. आमच्या आळीतला एक जण पहिल्यांदाच नोकरीला निघाला होता. आम्ही सगळे गाडी करून मुंबईला त्याला पोचवायला गेलो. आत त्याची बॅग दोन किलो जास्त भरली. काचेतून मला दिसत होतं. बिचारा फरशीवर उकिडवा बसून बॅग उपसतोय, सुक्या बोंबलांची पुडी फुटलेली, आणि मागच्या रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या. त्याचे कान लालेलाल झालेले. मी तिथेच ठरवलं, आपल्या काट्यावरून गेलेल्या माणसावर ही पाळी यायची नाही.

तेव्हापासून आखाताची बॅग काट्यावर चढली, की मी शेजारी उभी राहायची. एक चप्पल हळूच काढायची आणि साडीच्या निऱ्यांआडून उजवा अंगठा पाटावर टेकवायचा. सवयीने बरोबर दोन किलो दाब पडतो. अठ्ठावीसची बॅग तीस दाखवते. माणूस कुरकुरत सामान काढतो आणि विमानतळावर ताठ मानेने उभा राहतो. सुपारी मोजताना अंगठा लावला असेल तर माझा हात झडो! पण काट्याला पाय लावायचा म्हणजे लक्ष्मीलाच लावला की. रोज दिवेलागणीला काट्याच्या पाया पडून मी माफी मागायची. दसऱ्याला तर झेंडूचा हार इतरांपेक्षा दुप्पट घालायची.

गेल्या वर्षी समोरच्या घरातल्या खाला, म्हणजे अख्ख्या आळीच्या मावशी, निघाल्या.

खाला सत्तरीच्या जवळ आलेल्या. नवरा सगळं आयुष्य कुवेतला आणि या इथे. तो वारल्यावर नणंदेबरोबर राहतात. स्वतः कधी विमानाची पायरी चढल्या नव्हत्या. पण मुलीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले होते, ती कतारला होती, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणावरून हलू नको म्हणून सांगितलं होतं. पोरीचं एकच मागणं, अम्मीने यावं आणि डिंकाचे लाडू आणावेत. खालांनी आठ दिवस खारीक कुटली, डिंक तळला, दोन किलोचा डबा भरला. आळीभर तुपाचा वास सुटला होता.

दुपारी बॅग दुकानात आली. खाला, बॅग उचलायला जीपवाला, आणि मसाल्याचा गिरणीवाला, कारण त्याचीही पुडी बॅगेत होती. मी नेहमीसारखी चप्पल काढली. आकडा आला बत्तीस.

"दोन किलो काढा, खाला," मी म्हटलं.

मला वाटलं, पायजमे निघतील, नाहीतर नानकटाई. खालांनी बॅगेची चेन उघडली, आत हात घातला आणि लाडवांचा डबा काढून काट्याशेजारी ठेवला.

"अहो, हे काय करताय? पार्सलं काढा ना!"

"न्हाय गो. माझा माणूस तिकडं होता तवा माझ्या पार्सलाला गावात कुणी न्हाय म्हटलं न्हाय. आता मी कुनाला न्हाय म्हनू?" त्या हसल्या आणि ओढणीने डब्याचं झाकण पुसलं. "लाडू काय, तिकडं डिंक मिळंल. तिकडं करीन."

त्या झाकण पुसत राहिल्या. जीपवाला रस्त्याकडे बघायला लागला.

माझ्या दोन्ही बाळंतपणांना माझी आई नव्हती. तिसऱ्या दिवशी दारात याच खाला असाच डबा घेऊन उभ्या राहिल्या होत्या. "खा, हाडं भरतील," म्हणाल्या होत्या. समोर तो डबा आणि पाटावर माझा अंगठा! माझं डोकंच सणकलं. राग कुणाचा यावा, तर माझा मलाच.

"ठेवा तो डबा आत!" मी एवढ्याने ओरडले, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. "काटा खोटं बोलतोय. काटा कसला, मी बोलतेय! हा बघा अंगठा." मी निऱ्या उचलून पाय दाखवला आणि मग पाटावरून काढला. आकडा झरकन तीसवरून अठ्ठावीसवर आला. "आजपर्यंत सगळ्यांना दोन किलोंनी फसवलंय. आता मारा मला."

मग गिरणीवाल्याने खोकल्यासारखं केलं.

"वहिनी, ते आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अंगठा. विमानतळावर दर वेळी अठ्ठावीसच भरायचं. आधी वाटलं काटा बिघडलाय. मग एकदा बघितलं, तर तुमची एक चप्पल रिकामी."

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे," शिंपी म्हणाला. "इथून बॅग गेली की घरी नेऊन दोन किलो भरायचं. नियमच आहे तो."

"मग मेल्यांनो, मला का नाही सांगितलंत?"

"एवढा जीव लावून उभ्या राहता, कसं सांगायचं?"

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. इतकी वर्षं मी लक्ष्मीची माफी मागत होते आणि हे लोक माझ्या पाठीमागे बोंबील भरत होते! गावात एकट्या खालांना काय ते माहीत नव्हतं, कारण त्यांच्या घरच्या बॅगा आजवर पुरुषांनी मोजल्या आणि नणंदेने भरल्या होत्या. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कमाल हाय गो तुझी," एवढंच म्हणाल्या आणि डबा आत ठेवला. बरोबर तीस भरले. मी चप्पल घातली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आमचं गाव सुधारेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपवाला खालांना विमानतळावर सोडून परत आला. हातात ओढणीचं गाठोडं. माझ्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"खालांचे कपडे. बॅग बत्तीस भरली."

"बत्तीस? माझ्यासमोर तीस होती!"

"दुकानातली भानगड त्यांच्या नणंदेला कुठे माहीत? खाला नमाजाला बसल्या तेवढ्यात तिने नियमाप्रमाणे दोन किलो सोडे भरले."

मी कपाळावर हात मारला. आत विमानवाल्या बाईने दोन किलो काढायला सांगितलं होतं. खालांना चांगलं चालता येतं, तरी सगळे करतात म्हणून त्यांनीही चाकाची खुर्ची घेतली होती. ती ढकलणाऱ्या माणसाने हे गाठोडं दारापर्यंत आणून जीपवाल्याकडे दिलं. मी ते सोडलं. खालांचे सगळे कुडते, सलवारी, ईदला शिवलेला नवा जोडसुद्धा. पार्सल एकही नाही. लाडू नाही की सोडे नाहीत.

"मग खाला घालणार काय तिकडे?" मी विचारलं.

"अंगावर होतं तेवढंच घेऊन गेल्या. त्या माणसाबरोबर तुम्हाला निरोप धाडलाय, कपडे उन्हात टाकून ठेव, नाहीतर कसर लागेल."

मी ते कपडे उन्हात टाकले, घड्या घालून आमच्या कपाटात ठेवले, आणि नणंदबाईंच्या घरी जाऊन मनसोक्त भांडून आले. त्यांनी मला सोड्यांचं कालवण वाढलं.

महिन्याभराने सकाळी दुकान उघडत होते तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. खाला पलंगावर, अंगात मुलीचा जांभळा गाऊन, त्यावर मोठमोठी पांढरी फुलं. असल्या अवतारात मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात, डोळे घट्ट मिटून. मागे मुलगी उशीला टेकून बसलेली, हातात लाडू.

माझ्या डोळ्यांना धार लागली. "बाई गं," एवढंच तोंडातून निघालं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "वजन किती भरलं हो?"

"तीन किलो," खाला म्हणाल्या. नातीच्या कपाळावरून बोट फिरवत त्या खुदकन हसल्या. "पन हा इथला काटा गो. तुझ्या काट्यावर पाच भरली असती."