कलकत्त्याला नेलेल्या दशम्या

कर्जत तालुक्यात आमच्या हिच्या मामांना चुकवून मरणे कुणालाही जमले नसते. मयताचा निरोप यायचा अवकाश, मामा मामींना फर्मावणार, "टाक पिठलं-भाकरी. त्यांच्यात चूल पेटायची न्हाई आज." ज्या शेजाऱ्याने आयुष्यभर मामांचा बांध कोरला, त्याच्या दारीही ते भाकरी घेऊन गेले आणि परतताना तोच बांध बघून त्याला शिव्या घालत आले.

गावातली एकुलती एक पिठाची गिरणी मामांची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला ती जळाली आणि साऱ्या बायका पुन्हा जात्यावर बसल्या. मामा रस्त्याने जाताना दिसले की ओव्यांना भलतीच धार चढे. मामा मात्र निर्धास्त होते, कारण गिरणीचा विमा होता. अन् एक दिवस कळले, की कलकत्त्याच्या त्या विमा कंपनीचेच दिवाळे निघाले! महिनाअखेरपर्यंत कागदांसह क्लेम दाखल करा, नाहीतर गिरणी विसरा. वकील म्हणाले, रजिस्टर पोस्टाने पाठवा. मामा उसळलेच.

"मयताच्या घरी पोस्टानं जात्यात व्हय? कंपनी बुडाली म्हंजी चूल बंद आसंल तिथली!"

मला इंग्रजी येते असा मामांचा गैरसमज असल्यामुळे मलाही निघावे लागले. पिठलं आंबेल म्हणून पिशवीभर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. मनमाडला गाडी चुकली, दुसरीत उभ्याने गेलो, पोटात कावळे ओरडत होते. पण दशमीला हात लावू देतील तर ते मामा कसले! "दुखवट्याची हाय ती," म्हणत पिशवी छातीशी.

पोचलो तो मुदतीचा शेवटचा दिवस, तिसरा प्रहर. कचेरीत गठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात एक म्हातारा बंगाली कारकून. मामांनी टोपी काढली आणि मयताच्या घरी बसावे तसे खाली बसले. मग दशम्या त्याच्यापुढे सरकवून म्हणाले, "झालं ते लई वाईट झालं. दोन घास खावा."

मी मोडक्या हिंदीत त्याला सांगितले, आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून हे. कारकून बघतच राहिला. "सब गाली देता है बाबू, खाना कोई नहीं देता." कित्येक महिने त्याला पगार नव्हता. दोन दशम्या खाऊन, डोळे पुसून त्याने कागद मागितले.

मामांनी पिशवी उलटी केली. दशम्या, चटणी, पुन्हा दशम्या! दशम्यांना जागा करायला कागद काढून त्यांनी घरीच खुंटीला टांगले होते. मला तर ब्रह्मांड आठवले. पण कारकूनच शिडीवर चढला. तो वरून गठ्ठे टाकतोय, मी धुळीत वाचतोय, आणि अक्षर न कळणारे मामा प्रत्येक कागद नाचवत ओरडतायत, "ह्यो का? ह्यो का?" कचेरी बंद व्हायच्या घटकेला पॉलिसीची नक्कल सापडली आणि क्लेमवर शिक्का पडला. मामांनी त्या कारकुनाला उचललेच!

सगळे पैसे काही मिळाले नाहीत, पण जुने इंजिन घेण्यापुरते आले. गिरणीच्या पहिल्या पिठाच्या दशम्या मामांनी कलकत्त्याला पाठवल्या. या खेपेला पोस्टाने.

पुढे काही वर्षांनी मामा गेले. मी कारकूनबाबूंना कार्ड टाकले. तेरावा होऊन गेल्यावर कलकत्त्याहून पार्सल आले: मुरमुरे आणि खजुराचा गूळ. त्यांना वाटले असणार, आमची चूल अजून बंदच आहे. मला रडू आवरेना. मामी नुकत्याच भाकऱ्यांना बसल्या होत्या. त्यांनी पार्सल पाहिले, पिठाची परात बाजूला सारली आणि पेटती चूल विझवली.

त्या दिवशी घरात आम्ही सगळ्यांनी मुरमुरे-गूळच खाल्ला.