फेरी मारून बघितलेली बॅग

सुट्टीवर जाणाऱ्या माणसांना एक खोड असते. बॅगेची चेन महिनाभर अडकत असते, चाक वर्षभर कुरकुरत असतं, पण बॅग दुरुस्तीला आणायची ती निघायच्या आदल्या दिवशी. वर आणि म्हणायचं, "उद्या सकाळची गाडी आहे हो, तेवढं बघा." माझे बाबा तेवढं बघायचे. चाळीस वर्षं त्यांनी तेवढंच बघितलं. लोक त्यांना चेनवाले म्हणत, आणि चेनवाल्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. मला या लोकांचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली होती. दाराशी शिलाई मशीन, भिंतीवर लांबीप्रमाणे टांगलेल्या चेनी, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत चाकं आणि बकलं, आणि सगळ्यावर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. मागच्या जिन्याने वर गेलं की आमच्या दोन खोल्या. तिथेही वास तोच. आलेल्या प्रत्येक बॅगेच्या मुठीला बाबा दोऱ्याने एक चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर तीन ओळी: नाव, काय बिघडलंय, कधी न्यायची. "चिठ्ठी नसलेली बॅग कुणाची ते कळत नाही," ते म्हणायचे, "आणि जी आपली नाही ती घेऊन गाडीत बसायचं नाही." वरच्या फळीवर पाच-सहा बॅगा वर्षानुवर्षं पडून होत्या, कोणीच न्यायला न आलेल्या. आई एकदा म्हणाली, त्यातली एखादी आपण वापरू या. बाबा दचकलेच. "आणि उद्या गिऱ्हाईक आलं म्हणजे?" बारा वर्षं न फिरकलेलं गिऱ्हाईक नेमकं उद्या येणार होतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खाली बॅगांचा ढीग, आणि आमची स्वतःची म्हणावी अशी एकही नाही.

तशी बॅगेची गरजही कधी पडली नव्हती. आईने समुद्र बघितलेला नव्हता आणि तिला तो बघायचा होता, एवढीच तिची मागणी. पण जगाला सुट्टी लागली की आमच्याकडे सुगी. त्या दिवसांत दुकान बंद ठेवणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणं. म्हणून आईने सगळं शोधून ठेवलं होतं. हंगाम संपला की तिथल्या खोल्या निम्म्या भावात मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलं तर आणखी कमी. स्टोव्ह असलेली खोली घ्यायची, तांदूळ-बटाटे घरून न्यायचे. बाहेर फक्त चहा प्यायचा, तोही एकदाच, समुद्राकडे तोंड करून.

पैसे साठायचेही. मग काहीतरी व्हायचं. एका वर्षी मशीनची मोटर जळली, एका वर्षी माझे वाकडे दात सरळ करायचे निघाले, एकदा छत गळायला लागलं. आई डबा रिकामा करता करता विचारायची, "मग, यंदा समुद्र कोणी प्यायला?" ज्याने प्यायला असेल त्याने हात वर करायचा. दातांच्या वर्षी मी केला होता. छताच्या वर्षी बाबांनी वर गळक्या छताकडे बोट दाखवलं आणि आम्ही तिघं हसत सुटलो.

आमची खरी सुट्टी म्हणजे फेरी. हा बाबांचा शब्द. बॅग दुरुस्त झाली की ती भरून, रस्त्यावरून चालवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. "रिकामी बॅग खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. भरायला आमचेच कपडे. वाटही ठरलेली. आधी दगडी फरशीची गल्ली, कारण तिथे चाकाचा कस लागतो. मग पुलाच्या पायऱ्या, कारण तिथे मुठीचा. मग बस स्टँडवर एक वळसा आणि परत. पूर्वी ते एकटेच जायचे. पण एकदा स्टँडवरच्या पहारेकऱ्याने त्यांना हटकलं, आणि बाबांना शोध लागला की भारी बॅग ओढणारा फाटका माणूस एकटा दिसला तर तो चोर, आणि बायको-मुलीबरोबर दिसला तर प्रवासी. तेव्हापासून फेरीला आम्ही तिघं.

आई ठेवणीतले कपडे काढायची, माझी वेणी घट्ट घालायची, बाबा दाढी करायचे. स्टँडवरच्या बाकावर बसून आम्ही उकडलेली अंडी खायचो आणि गाड्यांच्या पाट्या वाचायचो. समुद्राकडे जाणारी गाडी तीन नंबरच्या फलाटाला लागायची. आई तिच्या पाटीकडे बघत अंडं सोलायची, म्हणून तिचं अंडं नेहमी खरवडलेलं निघायचं. मग बाबा उठायचे, बॅगेची मूठ एकदा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "चाक ठीक आहे. चला." की आम्ही घरी. मला वाटायचं सुट्टी अशीच असते. जायचं, अंडी खायची, परत यायचं.

अकराव्या वर्षी माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला. स्टँडवर माझ्या वर्गातली एक मुलगी घरच्यांबरोबर गाडीची वाट बघत उभी होती. तिच्या आईने विचारलं, "कुठे निघालात?" बाबा क्षणभर घुटमळले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "समुद्रावर." मी फुशारले. एवढ्यात ती मुलगी बॅगेशी वाकली. फेरीतही बाबा चिठ्ठी सोडत नसत. तिने ती मोठ्याने वाचली. "आई, ही तर मावशीची बॅग आहे! चाक तुटलं होतं ती!"

तिची आई समजूतदार असावी, तिने मान फिरवली. मी मात्र फिरवली नाही. अख्ख्या स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात मी बाबांना म्हणाले, "लोकांच्या बॅगा घेऊन आम्हाला कशाला फिरवता? आपण कुठेही जात नाही! मला तुमच्याबरोबर चालायची लाज वाटते!"

बाबांनी मूठ दाबून बघितली. "चाक ठीक आहे," ते म्हणाले. 'चला' म्हणाले नाहीत.

त्यानंतर त्यांनी आम्हाला फेरीला कधी नेलं नाही. एकटे जात राहिले. त्याच हंगामात पहारेकऱ्याने त्यांना पुन्हा अडवलं, आणि बॅगेचा मालक येऊन सांगेपर्यंत दुपारभर भिंतीशी उभं करून ठेवलं. हे मला आईने फार पुढे सांगितलं. मी माफी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती, ताटात थोडं जास्त वाढायचं, एवढंच. मी तीस वर्षं जास्त वाढत राहिले.

दोन वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या बॅगेला बांधली. मग चेन बसवताना अर्ध्यावर थांबून हातातल्या चेनीकडे बघत राहिले, ही काय चीज आहे म्हणून. दुकान उघडं असायचं, पण काम बंदच झालं. डॉक्टर म्हणाले, नवं काही आता त्यांच्यात मुरणार नाही, जुनं काही दिवस टिकेल, कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. वर्षभर रविवारीही उभी राहिले, आणि एक दिवस आईला म्हणाले, "तुझा तो जुना बेत काढ." तिला काढावा लागला नाही. तोंडपाठ होता. हंगाम संपलेला, बुधवार, स्टोव्हची खोली. त्या वर्षी समुद्र कोणीच प्यायला नाही. मी तीन तिकिटं काढली आणि एक निळी बॅग विकत घेतली, कोरी. मला फक्त एक करायचं होतं. बाबांना समुद्राकडे तोंड करून बसवायचं, हातात चहा द्यायचा, आणि अकराव्या वर्षापासून राहून गेलेलं ते बोलून टाकायचं. ते मला ओळखत होते तोवरच.

सकाळी त्यांची दाढी मी केली. आईने ठेवणीतले कपडे घातले. रिक्षा करू म्हटलं, तर बाबा बॅग ओढत फरशीच्या गल्लीत शिरलेसुद्धा. त्यांच्या पायांना वाट पाठ होती. पुलाच्या पायऱ्या त्यांनी एका दमात चढल्या. स्टँडवर बाकावर बसून अंडं खाल्लं. मला इतका आनंद झाला होता की मी समोरच्या अनोळखी बाईलाही अंडं देऊ केलं.

गाडी तीन नंबरला लागली. आई उठली. बाबाही उठले, मूठ दाबून बघितली, आणि म्हणाले, "चाक ठीक आहे. चला." आणि घराकडे वळले.

"बाबा, तिकडे नाही. आज गाडीत बसायचंय."

ते हसले. "लोकांची बॅग घेऊन?"

"लोकांची नाही. आपली आहे ही."

"आपली?" त्यांनी बॅग मुठीपासून चाकापर्यंत न्याहाळली. "चिठ्ठी कुठे आहे?"

सगळं आठवणीने केलं होतं मी. गोळ्या, स्वेटर, तांदूळ, बटाटे, काडेपेटी. चेनवाल्याची मुलगी असून चिठ्ठी बांधायची राहिली. आई म्हणाली, "अगं, लिही पटकन." मी दुकानाच्या पावतीमागे लिहिलं. बाबांचं पूर्ण नाव. काय बिघडलंय: काही नाही. कधी न्यायची: आज. त्यांच्या खिशात दोरा असतोच. त्यांनी स्वतः गाठ मारली आणि मग चिठ्ठी वाचली, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"ओळखीचं गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "भला माणूस. पण न्यायला नाही आला अजून."

"बाबा, ते तुम्हीच!"

"मी? मला कुठे जायचंय? दुकान कोण बघणार?"

कंडक्टरने दारातून हाक मारली, "ताई, येताय का? लोक खोळंबलेत." आणि माझा तोल गेला. माझा स्वभाव तो. मी बाबांचा दंड धरला आणि ओढलं. एकदा गाडीत बसवलं की बसतील, असं वाटलं. त्यांनी दोन्ही हातांनी बॅग छातीशी धरली आणि मागे सरत सरत भिंतीला जाऊन टेकले. माझ्याकडे बघत होते, पण बघत होते कोणा दुसऱ्याकडेच.

"साहेब, चोरीची नाही बॅग," ते म्हणाले. "चिठ्ठी बघा साहेब. मालकाला विचारा. माझी बायको आणि मुलगी येतच आहेत मागून."

मी हात सोडला.

"बाबा, माझं चुकलं हो," मी म्हणाले. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ज्याची माफी मागायची होती ते पार विसरून गेले होते, आणि त्यापायी जे सोसलं ते तेवढं लक्षात राहिलं होतं. हा काय न्याय आहे, मला सांगा.

आई पुढे झाली. त्यांच्या कॉलरची घडी नीट केली आणि म्हणाली, "अहो, आलो आम्ही. चला घरी." मग कंडक्टरला हाताने 'जा' अशी खूण केली. गाडी निघाली. तिची पाटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आई बघत उभी राहिली.

परतताना बाबा मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना, म्हणजे कोणी हटकायला नको. ते खुशीत होते. फरशीवर चाकं वाजली की मान डोलवत होते. पुलावर आई हळूच म्हणाली, "मग, यंदा समुद्र कोणी प्यायला म्हणायचं?" म्हणाली आणि तिलाच पुढे हसवेना. मी हात वर केला. आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, रडले.

दुकानात शिरल्यावर बाबांनी स्टूल ओढलं, बॅग फडक्याने पुसली आणि वरच्या फळीवर ठेवली, न नेलेल्या बॅगांच्या रांगेत, चिठ्ठी बाहेर दिसेल अशी. मग खाली उतरून मला म्हणाले, "बाळ, मी नसलो आणि हा मालक आला, तर बॅग देऊन टाक. सांग त्याला, फेरी मारून बघितलीय. बिनघोर जा म्हणावं."

"सांगते, बाबा," मी म्हणाले.