दोन पलंगांची खोली

गादीवाले तात्या हॉटेलात राहायला जाणार, ही बातमी गल्लीत शिंप्याने फोडली. शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तात्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी त्यांनी ती त्यालाच सांगितली होती. सांगायला दुसरं होतं कोण. सकाळी निघालेली बातमी इस्त्रीच्या दुकानात पोचली तेव्हा तात्या दुसरं लग्न करणार होते. दुपारी न्हाव्याकडे गेली तोवर नवरी ठरली होती, आणि संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये तिच्या पहिल्या नवऱ्याचे गुणदोषसुद्धा निघू लागले होते.

"स्वतःचं घर असताना आपल्याच शहरात हॉटेल?" न्हावी कात्री थांबवून म्हणाला. "पाणी कुठेतरी मुरतंय."

पाणी मुरत होतं खरं, पण न्हाव्याला हवं होतं तितकं रंगीत नव्हतं.

तात्यांची सगळी हयात गाद्या शिवण्यात गेली. पुढे दुकान, मागे एक खोली, मधे कापसाचे गठ्ठे. बायको होती तोवर म्हणायची, "लोकांच्या पाठी सांभाळता, आणि माझी मोडली ती दिसत नाही." ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगा एकुलता एक, परगावी, यंत्रं विकणाऱ्या कंपनीत. तो घरी आला की तात्या त्याला आपली खाट द्यायचे आणि स्वतः दुकानात गठ्ठ्यांच्या मधे आडवे व्हायचे. पोराने नको म्हटलं तर वाद, हो म्हटलं तर बाप जमिनीवर म्हणून पोराला झोप नाही. बरं, पहाटे कुठे डोळा लागलाच तर तात्या उशाशी हजर.

"लागली का रे झोप? कुशीवर होतास की उताणा? कंबर कुठे टेकत होती?"

धंद्याची सवय, दुसरं काय. गिऱ्हाईकं कौतुकाने सांगायची, अगदी न विचारलेलंही सांगायची. पोरगा "लागली, बाबा" एवढंच म्हणायचा आणि दात घासायला उठायचा. हळूहळू त्याचं येणं कमी झालं. कामासाठी शहरात यायचा, पण एका दुपारचं काम, घर पुलापलीकडे, दोन बस बदलायच्या, तेव्हा "जमत नाही हो, बाबा."

त्यावर तात्यांनी फार विचार करून तोड काढली. पोराला घरापर्यंत येणं होत नाही, तर घरानेच थोडं पुढे सरकावं. भर शहरात, कचेऱ्यांच्या मधोमध, दोन पलंगांची खोली घ्यायची. बस नाही, खाटेचा वाद नाही. पोराने एक रात्र राहायचं, एवढंच. शेजारच्या पलंगावरून त्याच्या श्वासाचा आवाज यावा, यापलीकडे तात्यांचं काही मागणं नव्हतं.

हॉटेल शोधायला त्यांनी भाचीला बोलावलं. भाची बँकेत होती आणि बोटाच्या टोकावर जग फिरवायची.

"मामा, फार भपकेबाज नको आणि अगदी खुराडंही नको, बरोबर?"

"मधलं बघ. आपण मधली माणसं."

"लिफ्ट लागेल?"

"असू दे. धापा टाकताना पोराला दिसायला नको."

"हे बघा, याला लोकांनी छान म्हटलंय. स्वच्छ, चौकात, नाश्ता उत्तम."

"गादीबद्दल काय लिहिलंय?"

"खोली प्रशस्त, असं लिहिलंय."

"गादीबद्दल विचारतोय मी."

"मामा, गादीबद्दल कुणी लिहीत नसतं."

"मग ही माणसं झोपली कशावर? नाश्त्यावर?"

भाचीने शोधून शोधून एक तक्रार काढली. कुणा प्रवाशाला उशी दगडासारखी लागली होती. तात्यांचा चेहरा उजळला. "हा माणूस खरं बोलतो. हा आणखी कुठे कुठे उतरलाय ते बघ." पण तो प्रामाणिक माणूस त्यानंतर कुठे उतरलाच नव्हता, किंवा उतरूनही गप्प राहिला होता.

शेवटी तात्यांनी स्वतःच जाऊन बघायचं ठरवलं. शिंपी लगेच चपला घालून तयार. "मी पडदे बघतो, तुम्ही गाद्या बघा."

"तुला नेणं म्हणजे दवंडी पिटणं," तात्या म्हणाले आणि एकटेच निघाले.

पहिल्या हॉटेलात काउंटरवरच्या माणसाने खोली दाखवायला साफ नकार दिला. आधी पैसे भरा, मग खोली बघा. "टोपी घेतानासुद्धा डोक्यावर घालून बघतात हो," तात्या म्हणाले, पण त्या माणसाला टोप्यांत रस नव्हता. दुसऱ्यात खोली दाखवली. तिथली गादी मधोमध अशी खचली होती की तिच्यावर झोपलेलं माणूस सकाळी दोरी टाकून वर काढावं लागलं असतं.

तिसरं चौकातलं निळ्या पाटीचं. ते मात्र तात्यांना दारातच आवडलं. पायपुसणं झटकलेलं, काउंटरवरची मुलगी हसरी, लिफ्ट कुरकुर न करणारी. मुलीने खोल्या आवरणाऱ्या बाईंना हाक मारून तात्यांना वर पाठवलं. बाई पन्नाशीच्या, बोलक्या. लिफ्टमध्येच त्यांनी आपल्या जावयाची निम्मी कर्मकहाणी सांगून टाकली.

खोली आली. तात्यांनी खिडकी बघितली नाही, न्हाणीघर बघितलं नाही. सरळ पलंगाशी गेले, कोपऱ्याखाली उजवा गुडघा सारला, गादी मांडीवर घेतली आणि खालची बाजू बघितली. वाकून गादी उचलली की कंबर जाते. ही गुडघ्याची युक्ती तात्यांची स्वतःची. दुसऱ्या कुठल्या गादीवाल्याकडे ती नव्हती, आणि पोरगा दुकानात लुडबुड करायचा त्या वयात त्यांनी ती फक्त त्याला शिकवली होती.

बाई खळखळून हसल्या. "अहो, हे तुम्हीपण असंच करता?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे एक साहेब येतात. आले की बॅग ठेवायच्या आधी अस्सा गुडघा घालतात. मग मला म्हणतात, मावशी, ते टोक धरा. आणि गादी पालटून घेतात. मी म्हटलं, तुम्ही काय गादीवाले का? तर नुसते हसले."

तात्यांनी गादी हळूच खाली सोडली. चादरीची सुरकुती हाताने सारखी केली, मग पुन्हा एकदा केली.

"दिसायला कसे आहेत?"

"उंच. कपाळ हे असं, तुमच्यासारखं. बोलायला चांगले, पण कमी. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," तात्या म्हणाले. "नेहमी येतात?"

"अधूनमधून. आत्ता मागल्या महिन्यात होते की दोन रात्री."

मागल्या महिन्यात पोराने फोनवर सांगितलं होतं की तो डोंगरापलीकडच्या कारखान्यात अडकलाय, आवाज नीट येत नाही. आवाज तसा नीट येत होता.

आता बापाचं मन म्हणजे काही न्हाव्याच्या दुकानापेक्षा फार वेगळं नसतं. तात्यांनी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "भेटायला वगैरे येतं का कुणी त्यांना?"

"कुणी नाही हो. काम करून येतात, खाली एकटेच जेवतात, पडदा ओढून झोपतात. पण असे झोपतात म्हणता, सकाळी मी दोनदा दार वाजवून परत जाते. जाताना टॉवेलची घडी घालून ठेवतात. इतक्या वर्षांत टॉवेलची घडी घालणारं गिऱ्हाईक मी दुसरं बघितलं नाही."

"आईने लावली असेल सवय," तात्या म्हणाले. त्यांच्या मनात नसताना त्यांना अभिमान वाटला, आणि वाटला त्याचा रागही आला.

खाली मुलीने विचारलं, "मग काका, करू का बुकिंग? दोन पलंगांची आहे."

तात्या काउंटरला टेकून उभे राहिले. पोराने शहरात एक जागा शोधली होती, जिथे सकाळी त्याला कुणी काही विचारत नव्हतं. तिथे बापाने पथारी पसरली तर ती जागा त्याच्या हातून जाईल. मग तो दुसरं हॉटेल शोधेल, आणि तिथली गादी कशी असेल कोण जाणे.

"खोली छान आहे," ते म्हणाले. "पण मला थोडी वाईट हवी होती."

मुलगी काय समजायचं ते समजली. तात्या बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून बरोबर समोरच्या जुन्या हॉटेलात शिरले. आयुष्यात प्रथमच त्यांनी गादीला हात न लावता जागा पसंत केली. तिथल्या माणसाने विचारलं, "मागची शांत खोली देऊ, की रस्त्याकडची?"

"रस्त्याकडची," तात्या म्हणाले. दोन पलंगांची मात्र त्यांनी सोडली नाही. माणसाने आशा सोडायची म्हटली तरी ती काही पथारीसारखी गुंडाळता येत नाही.

फोनवर पोरगा गडबडला. "हॉटेल कशाला, बाबा? कुठलं?"

"चौकातलं जुनं. हौस आली म्हण. तू काम आटपून ये, बसू."

"समोर ते निळ्या पाटीचं आहे ते?"

"असेल. मी पाट्या कशाला बघू?"

ठरल्या दिवशी पोरगा आला. दारातच त्याने बापाच्या पायांना हात लावला आणि मग खिडकीतून बाहेर बघून पटकन आत वळला. केस कानांजवळ पांढरे व्हायला लागले होते. तो दुसऱ्या पलंगाच्या काठावर बसला, अगदी काठावर, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा.

"प्रवास बरा झाला?"

"झाला."

"शिंपी तुझी आठवण काढत होता."

"बरे आहेत ना?"

"त्याला काय धाड भरलीय. माझं लग्न लावायला निघालाय."

पोरगा हसला नाही, म्हणजे हसायचं तेवढं तोंड त्याने केलं. मग पलंगावरून हात फिरवत म्हणाला, "हा दुसरा कुणाला?"

आठवडाभर तात्यांनी या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. राहा रे आज, मी खाट सोडणार नाही, काही विचारणार नाही. सगळं जिभेच्या टोकावर होतं.

"सामानाला," ते म्हणाले.

सामान म्हणजे एक हातपिशवी होती, आणि ती दाराच्या मागे खुंटीला टांगली होती. दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

चहा आला, संपला. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. पोराने यंत्रांबद्दल थोडं सांगितलं, तात्यांनी कापसाबद्दल. अखेर पोरगा घड्याळाकडे बघू लागला, आणि त्याला सबब शोधताना बघणं तात्यांच्या जिवावर आलं.

"तुझी राहायची सोय कंपनीने केली असेल ना?"

"हो, हो. गेस्ट हाऊस आहे. लांब आहे तसं. बरोबरचे लोक आहेत, मी इथे राहिलो तर..."

"बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही."

"जा मग. अंधार पडायच्या आत पोच."

पोरगा उठला. दाराशी क्षणभर घुटमळला, मग गेला. तो बसला होता तिथे तात्यांनी बघितलं. फोमची गादी, माणूस उठलं की लगेच सपाट. कापसाची असती तर सकाळपर्यंत खळगा राहिला असता.

त्यांनी दिवा न लावता खिडकीशी खुर्ची घेतली. पोरगा खाली आला, पानपट्टीपाशी उगाच उभा राहिला, कोपऱ्यापर्यंत चालत गेला. लांबच्या गेस्ट हाऊसला जाणारा माणूस जाईल तितका गेला. मग परत फिरला आणि खाली मान घालून रस्ता ओलांडून निळ्या पाटीखाली शिरला. थोड्या वेळाने वर एका खिडकीत दिवा लागला. तात्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

फोन वाजला.

"पोचलो, बाबा."

"पोचलास? गर्दी लागली का वाटेत?"

"थोडी होती."

"असणारच, ही वेळच तशी."

इथे एरवी फोन संपायचा. पण पोरगा थांबला, आणि म्हणाला, "शिंपीकाकांनी नवरी कुठली काढलीय?"

तात्यांनी सांगितलं. पहिल्या नवऱ्याचंही सांगितलं, न्हाव्याने त्यात घातलेली भर सांगितली, स्वतःची थोडी घातली. समोरच्या खिडकीत पोरगा येरझाऱ्या घालत होता. एकदा तो मधेच थांबला, भिंतीला टेकला आणि मान मागे टाकून हसला. हसणं आधी डोळ्यांना दिसलं आणि मग कानात आलं, असं तात्यांना वाटलं. कितीतरी वर्षांत त्यांनी त्याला असं बघितलं नव्हतं. मग पोराने कचेरीतल्या साहेबाची नक्कल केली, हातवारे करून. ते हातवारे फोनमधून दिसणार नाहीत हे विसरून. तात्या तोंडावर हात ठेवून हसले.

मग पोराच्या आईचा विषय निघाला, तोही पोरानेच काढला. ती पाठीवरून टोमणे मारायची ते दोघांनी आठवून आठवून सांगितलं. समोरासमोर दुपारभर जे निघालं नव्हतं ते रस्त्याच्या या आणि त्या काठावरून निघत राहिलं.

"बाबा, तुम्ही झोपा आता. एकटेच आहात ना तिथे, काही लागलं तर फोन करा. मी लांब असलो तरी येईन."

"माहीत आहे मला," तात्या म्हणाले.

समोर पोराने पडदा ओढला. दिवा मात्र लगेच गेला नाही, आणि तो जाईपर्यंत तात्या खिडकीशीच बसून राहिले.